उजव्या कोपऱ्यातली बाई

बारशाच्या सकाळी नामाच्या पोटात गोळा आला, तो काही घुगऱ्यांनी नव्हे. घुगऱ्या अजून चुलीवर रटरटत होत्या. गोळा आला तो नातीच्या पिशवीतून निघालेल्या कापसाच्या काड्या बघून.

भाविका कल्याणहून पहिल्या एसटीनं मुरबाडला आणि तिथून जीपनं टोकावड्याला आली होती. भावाच्या लेकीच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान तिचा. पण पाय धुऊन ती पाळण्याकडे वळायच्या ऐवजी सरळ ओटीवरच्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली, नाक जवळजवळ टेकवून. मुंबईत ती जुनी चित्रं साफ करायचं, सांधायचं शिकत होती. घरात कुणाला हे शिक्षण नीटसं कळलेलं नव्हतं. पण पोरगी ते मन लावून करते एवढं कळत होतं, आणि नामाला तेवढं पुरेसं होतं. आजपर्यंत तरी.

"आजोबा," चित्रावरची नजर न काढता ती म्हणाली, "बाळीसाठी माणूस उरलाय का?"

नामा सुपातल्या वालाच्या शेंगा सोलत राहिला.

या घरात जन्मलेल्या पोराला बाराव्या दिवशी दोन गोष्टी मिळत, एक नाव आणि एक माणूस. नाव आत्या ठेवी आणि माणूस नामा देई. पोराला उचलून चित्रासमोर धरायचं, बोटानं दाखवायचं, "हा बघ, हा तू." बस्स. लग्न होऊन आलेल्या सुनेलाही मापटं ओलांडल्यावर पहिलं चित्रच दाखवत. गावातली माणसं हसत आणि पुढल्या बारशाला मुद्दाम बघायला येत.

चित्र चांगलं दोन हात रुंद होतं. इटलीतल्या व्हेनिस नावाच्या शहरातला मोठा चौक, अडीचशे वर्षांपूर्वी तिथल्याच कुणीतरी तेलरंगात काढलेला. दोन्ही बाजूंना कमानी-कमानींच्या लांबलचक माड्या, समोर घुमटांचं देऊळ, शेजारी आभाळात घुसलेला मनोरा आणि खाली फरशीवर नुसती माणसंच माणसं. तिकोनी टोप्या घातलेली, डगले पांघरलेली, कापडाच्या छपराखाली दुकान मांडून बसलेली, उगाच उभी राहून गप्पा हाणणारी. अधूनमधून कुत्री. घरात या सगळ्याला 'गाव' म्हणत. डगले म्हणजे म्हसा गावच्या जत्रेतून घेतलेल्या घोंगड्या, असं नामाच्या बायकोनं, धोंडीबाईनं, आपल्या पोरांना सांगितलं होतं आणि पोरांनी आपल्या पोरांना.

थोरल्या मुलाचा, भगीरथाचा, माणूस दुकानासमोर उभा राहून भाव करणारा. भगीरथ पुढे खरंच तसा निघाला. त्याच्या बायकोला, संजीवनीला, फुगीर घागरेवाली मिळाली होती. त्यांच्या लेकीची, भाविकाची, म्हणजे माडीच्या खिडकीतून डोकावणारी. धाकट्या अनंताच्या वाट्याला मात्र तोंडावर पांढरा मुखवटा लावलेला माणूस आला होता, आणि पन्नाशी उलटली तरी अनंता ते विसरला नव्हता.

"सगळ्या गावाला तोंडं हायत," तो दर बारशाला म्हणायचा, "मलाच तेवढं नाय."

त्याला हवा होता लाल डगलेवाला. सगळ्यांनाच तो हवा असे. उजव्या अंगाला, अगदी पुढं, लालभडक डगला घालून चालत निघालेला, एक हात पुढं केलेला. पण कुणी त्याचं नाव काढलं की नामा म्हणे, "तो नको. तो घेतलेला हाय." कुणी घेतलाय, हे कधी सांगितलं नाही. आणि तुमचा माणूस कोणता, असं विचारलं की, "मी वॉचमन. मी भायर उभा राहून राखण करणार," म्हणून विषय संपवी.

वॉचमन तर तो होताच. घाटाखालच्या रस्त्याला एका पारशी म्हातारीचा बंगला होता, तिथं एकविसाव्या वर्षी नामा राखणीला लागला. म्हातारी बंगला विकून लेकीकडे परदेशी निघाली तेव्हा नोकरांना म्हणाली, घरातलं एकेक काहीही उचला. माळ्यानं लोखंडी कपाट घेतलं, स्वयंपाकिणीनं पलंग. नामानं हे चित्र डोक्यावर घेतलं आणि चालत घरी आणलं. त्याच्या बापानं आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"उरलाय का सांगा ना," भाविकानं पुन्हा विचारलं.

"कुत्रं उरलंय एक," अनंता म्हणाला. तो सापगावाहून बायकोला घेऊन आदल्या दिवशीच आला होता आणि ओटीवर पेपर पसरून बसला होता.

"माझ्या लेकीला कुत्रं नको हां काका," आतून हर्षालीचा आवाज आला. बाळंतीण असली तरी कान तिखट होते. "आधीच सांगून ठेवते."

"तर मग लाल डगलेवाला द्या! पोरीच्या निमित्तानं तरी सोडा, बाबा."

"तो घेतलेला हाय," नामा म्हणाला.

"बघा!" अनंतानं पेपर आपटला. "पन्नास वर्षं हेच."

भाविका हसली. मग तिनं पिशवीतून त्या काड्या काढल्या, टोकाला कापूस गुंडाळलेल्या, जुडीच्या जुडी. "एक उपाय आहे. हा उजवा कोपरा बघा, चुलीच्या धुरानं काळा झालाय. आजीची टोपलीवाली सोडली तर काही दिसत नाय. तेवढा कोपरा पुसते. खाली एखादा माणूस निघेल. मॅडमना पण बघायचंच आहे आत काय आहे ते."

नामानं काड्यांकडं पाठ फिरवली आणि सूप पुढं ओढलं.

मॅडम म्हणजे भाविकाला शिकवणाऱ्या बाई. गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं होतं. फोटो पाहून त्या हरखल्या होत्या. चित्र मुंबईच्या प्रदर्शनात चार महिने मांडायचं, खाली पाटीवर नामाच्या कुटुंबाचं नाव, आधी सगळं नीट साफ करून देणार. अनंतानं ते पत्र सापगावात दहा जणांना वाचून दाखवलं होतं. भगीरथाचा ठाम नकार होता. घरातलं गाव घरात राहिलं पाहिजे. नामानं त्या दिवशी मान हलवली होती. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"साफ म्हणजे किती साफ करतात गो?" त्यानं आता जपून विचारलं.

"धूर, तेल, डाग सगळं काढतात. कुणी नंतर वरून काही रंगवलेलं असेल तर तेही."

"तेही?"

"हो ना. मूळ चित्रकाराचं तेवढं ठेवायचं."

नामानं सोललेले वाल टरफलांच्या टोपलीत टाकले आणि टरफलं सुपात. त्याच्या लक्षातही आलं नाही.

टोपलीवाली बाई ही धोंडीबाईची. सगळ्या गावात, म्हणजे चित्रातल्या गावात, ती एकटीच वेगळी. बाकीच्या बायका फुगीर घागऱ्यांतल्या. ही मात्र कासोटा मारलेली, डोक्यावर टोपली, एक हात टोपलीला. धोंडीबाई नवी नवरी होती तेव्हा तिनंच ती शोधून काढली होती आणि तेव्हापासून अख्ख्या टोकावड्याला सांगितलं होतं, की इटलीतपण आपल्यासारखी कुणबीण हाय, बाजाराला आलेली. जावेला, सरस्वतीला, तर हात धरून आणून दाखवली होती. एका सर्वेवाल्या साहेबालाही दाखवली होती.

आणि चौपन्न वर्षं हे ऐकत नामा गप्प बसला होता.

"कोपरा राहू दे," तो म्हणाला. "आज बारसं. आज कशाला पसारा?"

"दहा मिनिटं, आजोबा."

"रंग गेला तर?"

"जात नाय. मी आहे ना."

तेच तर, नामाच्या मनात आलं. पोरगी हुशार आहे, हीच पंचाईत.

त्यानं मोठ्या मुलाकडे पाहिलं. "भगीरथ, तू बोल काय तरी. तू नको म्हणतोस ना चित्राला हात?"

"मुंबईला नको म्हणतो. घरच्या घरी पुसलं तर काय झालं?" भगीरथ म्हणाला. "पोरीला माणूस पायजे का नको?"

म्हणजे तोही गेला तिकडे. नामा मनातल्या मनात त्याच्यावर भडकला.

भाविकानं चित्र उतरवून घेतलं, कापडावर आडवं ठेवलं, काडी तोंडात घातली, चांगली ओली केली आणि काळ्या कोपऱ्यावर हळूहळू गोल फिरवू लागली.

घुगऱ्यांचं ताट घेऊन धोंडीबाई त्याच वेळी ओटीवर आली. "अगो बाय माझे! थुकी लावतंस चित्राला?"

"आजी, सगळ्या जगात असंच करतात."

"शिकाया धाडली ती हे?"

"धुराला थुकीसारखं औषध नाय, खरंच. मॅडमपण हेच करतात."

"एवढं शिक्षण," अनंता म्हणाला, "आणि शेवटी थुकायचंच. हे तर आपल्या पाड्यावर कुणीपण शिकवलं असतं."

सगळे हसले. संजीवनी पदराला हात पुसत बाहेर आली, बाळीचा बाप धनेश तिला घेऊन दारात उभा राहिला, त्याच्या मागं हर्षाली. काड्या काळ्या होत होत्या आणि बाजूला पडत होत्या. आधी फरशीचा एक चौकोन उजळला, पिवळट, उन्हातला. मग दुसरा. संजीवनी म्हणाली, "बया, तिथं ऊन पडलंय!" आणि कुणालाच हसू आलं नाही, कारण खरंच ऊन पडलं होतं. इतकी वर्षं त्या कोपऱ्यात त्यांना संध्याकाळ वाटत होती.

माणूस काही निघाला नाही. एक कुत्रं निघालं.

"अजून एक कुत्रं," अनंता म्हणाला.

"आता आजीची साडी," भाविका पुटपुटली आणि काडी टोपलीवालीवर फिरवली. काळपट कासोटा हळूहळू हिरवा झाला. साधासुधा नव्हे, पोपटाला लाजवेल असा हिरवा. भाविकाचा हात थांबला. तिनं बॅटरी काढली, जवळून पाहिलं, तिरकी धरून पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय गो?" भगीरथानं विचारलं.

"काही नाय." ती खोटं बोलायला बसली की तिचे कान लाल होत, लहानपणापासून. "हा रंग जरा... बाकीच्यासारखा नाय. बाकीच्याला बारीक भेगा आहेत. याला नाहीत."

"म्हंजे?"

भाविकानं आजीकडं पाहिलं आणि बॅटरी विझवली.

धोंडीबाई खाली बसली. चश्मा पदरानं पुसला, नाकावर चढवला आणि आपल्या बाईकडं बघत राहिली. मग उठली आणि मागच्या दारानं गेली. वासरू सुटलं असेल, असं सगळ्यांना वाटलं. नामाला तसं वाटलं नाही. त्याला पळून जावंसं वाटलं, पण गुडघे पळायचे राहिले नव्हते.

ती परत आली तेव्हा तिच्या तळहातावर रंगाची एक खपली होती, नखाएवढी. तिनं ती चित्रातल्या साडीशेजारी ठेवली. हिरव्याशेजारी हिरवा, तंतोतंत.

"गोठ्याच्या दाराची हाय," धोंडीबाई म्हणाली. "ते दार मी रोज दोनदा उघडते. मला सांगू नका हा रंग कुठला."

आत दूध उतू गेल्याचा वास आला तरी संजीवनी हलली नाही.

"त्या दाराला रंग कुणी दिला व्हता?" धोंडीबाईनं विचारलं.

सगळ्यांनी नामाकडं पाहिलं.

"मीच," नामा म्हणाला.

"आणि हिला?"

"मीच."

अनंता फिस्सकन् हसला. भगीरथानं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो लगेच पेपरात शिरला.

"बंगल्यातल्या मेमसायबाच्या खिडक्यांचा रंग उरला व्हता," नामा सांगू लागला. वालाची टरफलं चिवडत, वर न बघता. "तू दिवाळसणाला माहेरी गेली व्हतीस. बांबूची काडी चावून चावून कुंचला केला. टोपली गेरवाची हाय. दोन दिस लागले. एकदा बिघडली, घासलेटनं पुसली, परत काढली."

"चौपन्न वर्षं!" धोंडीबाईचा आवाज चढला. "चौपन्न वर्षं मी सगळ्या टोकावड्याला सांगत फिरले, इटलीत माझ्यासारखी बाई हाय म्हणून. सरस्वतीशी भांडले. ती म्हणायची, तिकडं कुठनं गो येईल कासोटा. मी म्हणायची, तुला काय ठावं! तो सर्वेवाला सायब काय म्हणला असंल मनात? आणि तुमी हितं बसून शेंगा सोलताव!"

"सांगनार व्हतो."

"कधी? मी गेल्यावर?"

"परत आलीस त्याच दिवशी सांगनार व्हतो. पण तू बघितलीस आणि अशी नाचलीस ओटीवर... त्या दिवसापर्यंत तू या घरात हसली नव्हतीस. मग कसं सांगू?"

नामाला वाटलं, आता सगळं सांगूनच टाकावं. अर्धं पोटात ठेवून काय मिळालं आजवर?

"तू पयल्यांदा चित्र बघितलंस तवा म्हणाली व्हतीस, एवढ्या जत्रेत आपल्यासारखी एक बाई नाय. आणि आत जाऊन रडलीस. मी ऐकलं. मला बोलता येत नाय तसलं काय, तुला ठावं हाय. मग काढली."

हर्षालीनं डोळ्यांना पदर लावला. बाळंतिणीला रडायला कारण लागत नाही, असं ती नंतर म्हणाली. पण संजीवनी तर बाळंतीण नव्हती.

पहिला बोलला तो अनंता, पेपर बाजूला सारून. "भाविका, तुझ्या मॅडमला कळव. चित्र येत नाय. तिथं आयेला पुसून टाकतील."

"अरे, काल तर तू नाचत व्हतास," भगीरथ म्हणाला.

"काल आयेला पुसायची गोष्ट नव्हती."

"आणि मी म्हणतो, जाऊ दे आता." भगीरथ मांडी ठोकून बसला. भाव करायच्या वेळी बसतो तसा. "मुंबईच्या लोकांना दिसू दे माझी आय. पण पाटीवर लिवायचं, ही कुणी काढली ते. आणि केसाएवढा हात लावायचा नाय. हे कबूल असंल तर चार म्हयने, नायतर एक दिवस नाय."

"तसं करतात कधीकधी," भाविका हळूच म्हणाली. "नंतरची भर, म्हणून ठेवतात, जपतात. मीच लिहीन मॅडमना. उजव्या कोपऱ्यातली बाई, चित्रकार नामा, टोकावडे."

"चित्रकार!" अनंता म्हणाला. "मला तोंड नाय आणि बाबा चित्रकार."

आता सगळे हसले, धोंडीबाई सोडून. ती अजून चित्रावर वाकलेली होती.

"एक सांगा," ती म्हणाली. "मला हितं एकटीला का उभी केली? परक्या मुलखात, कोपऱ्यात. वळख नाय पाळख नाय. दोन दिस लागले म्हणता, मग शेजारी दुसरं माणूस काढाया काय झालं व्हतं?"

"एकटी कुठं?" नामा म्हणाला.

तो उठला, गुडघ्यावर हात टेकत चित्रापाशी आला आणि बोट ठेवलं लाल डगलेवाल्यावर. "हा नाय का?"

"हा तर आधीचाच."

"आधीचाच. रोज बघायचो मी याला, बंगल्यात राखणीला असताना. एवढा सजून, हात पुढं करून निघालाय, आणि म्होरं कुणीच नाय. नुसती फरशी. तू आलीस तवा मला कळलं, हा कुणाकडं चाललाय." त्यानं बोट टोपलीवालीपर्यंत सरकवलं. "म्हणून तुला त्याच्या समोर काढली. तो मी."

अनंतानं पेपरची घडी घातली. लाल डगलेवाला खरंच घेतलेला होता, हे त्याला पन्नास वर्षांनी पटलं.

धोंडीबाई बोटानं अंतर मोजत राहिली, डगल्यापासून टोपलीपर्यंत. चार बोटं. मग तिनं धनेशकडं हात पसरले. "आण ती पोर हिकडं."

"अजून नाव ठेवायचंय, आजी," भाविका म्हणाली.

"नाव तू मागनं ठेव. माणूस मी देते आज." तिनं बाळीला मांडीवर घेतलं, तिची मूठ सोडवली आणि तिचं एवढंसं बोट चित्रातल्या टोपलीवर टेकवलं. "ही बघ. हितं आत हायस तू. माझ्या टोपलीत."

"टोपली रिकामी हाय," नामा म्हणाला. "म्हंजे मी आत काय काढलं नव्हतं."

"वरनं काय दिसतंय का तुमाला? चौपन्न वर्षं डोकीवर घेऊन उभी हाय, रिकामी टोपली घेईन व्हय?" बाळी पणजीच्या हातातच लाळ गाळत झोपली. धोंडीबाईनं चश्म्यावरून नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेनं नामाला पुन्हा लग्नाच्या वर्षासारखं काय करावं ते कळेनासं झालं.

"आणि त्या लाल डगलेवाल्याला सांगा," ती म्हणाली, "लई दिस झाले नुसता चालतोय. आता टोपली जड झाली. उतरवाया हात लाव म्हणावं."